रविवारच्या रेसआधी: आरसे आणि शेजारची गाडी

सभासद मंडळी,

रविवारी रात्री आपली सिम रेसिंगची (कॉम्प्युटरवरची) रेस मोंझा या इटलीतल्या ट्रॅकवर आहे. गेल्या काही रेसमध्ये पहिल्याच शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) गाड्यांचा ढीग लागतोय, आणि बहुतेक वेळा कारण एकच: शेजारी गाडी आहे हे समोरच्याला ठाऊकच नसतं.

आपल्यापैकी बरेच जण एका मॉनिटरवर खेळतात. मागची गाडी आरशात मोठी होत येते आणि दाराशेजारी पोचली की आरशातून गायब होते. पडद्यावर तर ती अजून आलेलीच नसते. सगळ्यात घातक क्षण हाच. आरशातली गाडी अचानक दिसेनाशी झाली तर ती मागे पडली असं समजू नका, ती बाजूला आहे असंच धरून चाला आणि तिची जागा सोडा.

मोंझाला हे जास्तच जपावं लागतं. पहिलं वळण उजवीकडे आणि लगेच दुसरं डावीकडे, म्हणजे पहिल्या वळणात तुमच्या बाहेर असलेला दुसऱ्यात आत येतो.

आरसा सरळ पट्ट्यावर, ब्रेक मारण्याआधी बघा. ब्रेक दाबल्यावर नजर पुढेच हवी. व्हर्च्युअल मिरर (पडद्यावर दिसणारा मागचा आरसा) आणि रडार (आजूबाजूच्या गाड्या दाखवणारं छोटं चित्र) चालू ठेवा. डावी-उजवीकडे बघण्याची बटणं स्टीअरिंगवर अंगठ्याजवळ लावून घ्या. क्रूचीफ हे सोबत चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. बाजूला गाडी आली की कानात सांगतं. कुणाला बसवायला जमत नसेल तर शनिवारी सरावाला जरा लवकर या, आपण मिळून लावून देऊ.