अफूचे भाव आणि युद्धाची हाक एकाच वर्तमानपत्रात

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला, ब्रिटन आणि चीनमधल्या पहिल्या अफूच्या युद्धावरचा (१८३९–४२) लेख वाचला. अफू जप्त करणारे चिनी अधिकारी लिन झेशू आले, ब्रिटिश परराष्ट्रमंत्री पामर्स्टन आले, जप्त झालेल्या अफूच्या २०,२८३ पेट्याही आल्या. पण युद्धाची हवा कित्येक वर्षे तापवत ठेवणाऱ्या ‘कँटन रजिस्टर’ या चीनमधल्या कँटन बंदरातून निघणाऱ्या इंग्रजी वर्तमानपत्राचा साधा उल्लेख नाही. वर्तमानपत्रानेच आपल्या घरातली गोष्ट गाळावी, याचा मला राग आला.

हे पत्र १८२७ मध्ये जेम्स मॅथेसनने काढले. पुढे जार्डिन-मॅथेसन कंपनीत भागीदार झाला तोच हा, चीनच्या किनाऱ्यावर अफू विकणारा. पाटणा, बनारस, माळवा अशा अफूचे भाव त्याच्या पत्रात यायचे, आणि चिनी अधिकाऱ्यांना जोराचीच भाषा कळते, इंग्लंडने लढाऊ जहाजे धाडावीत, हेही त्याच पत्रात यायचे. १८३४ मध्ये कँटनला अडवणूक होऊन ब्रिटनचे तिथले व्यापार-अधीक्षक लॉर्ड नेपियर मकावला वारले, तेव्हा तर तो राष्ट्राचाच अपमान ठरवला गेला. कँटनमधले वाचक मूठभर, हे खरे. पण अंक समुद्रापार जात आणि चीनची बातमी म्हणून वाचले जात. एप्रिल १८४० मध्ये चीनच्याच प्रश्नावर ब्रिटिश सरकार संसदेत २७१ विरुद्ध २६२ मतांनी तरले. पाच जण पलीकडे गेले असते तर ते हरले असते.

मला हे इतके लागते, त्याला कारण आहे. १९८६ मध्ये एका साप्ताहिकाने गिरगावातली आमची चाळ ‘कधीही कोसळेल’ असे लागोपाठ तीन अंकांत छापले. सोबतच्या फोटोत गॅलरीला लोखंडी कठडा होता. आमचा कठडा लाकडी, त्यावर आईच्या पापडांची चादर वाळत असे. तो फोटो आमच्या चाळीचा नव्हताच. पण शेजारी घाबरले, दोन बिऱ्हाडांनी मिळेल त्या पैशात खोल्या सोडल्या. त्या घेणारा बिल्डर साप्ताहिकाच्या मालकाचा सख्खा मेव्हणा निघाला. वडिलांनी कठड्याबद्दल पत्र लिहिले, स्वतः नेऊन दिले. ते छापून आले नाही. कात्रणे अजून माझ्या ट्रंकेत आहेत. म्हणून बातमी कोणी दिली याआधी मी पत्राचा मालक काय विकतो ते बघतो, आणि तुमच्या लेखाने वाचकाला नेमके तेच बघू दिले नाही.

आणखी एक. लेखात अफू नुसती ‘भारतातून’ गेली आहे. माळव्याची अफू, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखातली, ईस्ट इंडिया कंपनीला पासाचा (वाहतूक परवान्याचा) कर भरून आपल्या मुंबई बंदरातून चढायची. जार्डिनचे इथले मोठे सहकारी सर जमशेटजी जीजीभॉय. मुंबईच्या वर्तमानपत्रात मुंबईचे नाव का नाही? पुरवणीत जागा कमी असेल, तर पाऊण पानभर तोफांचे चित्र लहान करता आले असते.

माझ्या मागच्या पत्राचा शेवट तुम्ही कापलात. या वेळी कापायचेच असेल तर माझ्या चाळीची हकीकत कापा, मॅथेसनचा परिच्छेद ठेवा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त मुद्रितशोधक, गिरगाव, मुंबई