सायकलीच्या जाहिरातीत गिअरची संख्या नको, दात्यांचे आकडे हवेत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शाळांच्या परीक्षा संपल्या की वृत्तपत्रांत सायकलींच्या जाहिराती वाढतात. हल्ली त्यांत दोन आकडे हमखास ठळक असतात: चाक २९ इंच आणि गिअर २१. ही सायकल घाट चढेल की नाही, हे या दोन आकड्यांवरून अजिबात कळत नाही. उलट स्वस्त सायकलीत हे दोन्ही एकत्र आले की ती चढाला जड जाण्याचीच शक्यता जास्त असते. सातारा, वाई, महाबळेश्वर, भोर अशा चढउताराच्या भागात सायकल घेणाऱ्यांनी काय पाहावे, ते जरा सविस्तर लिहितो.

गिअर मोजण्याचा सरळ मार्ग म्हणजे पेडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल किती पुढे जाते ते पाहणे. पुढच्या चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चक्राचे) दाते भागिले मागच्या चाकावरच्या चकतीचे दाते, गुणिले चाकाचा घेर. माउंटन बाइक ही मुळात कॅलिफोर्नियातली, आणि ती २६ इंची चाकावर वाढली. त्या चाकाच्या धावेवर (रिमवर) टायर बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर, आणि २.१ इंची टायर चढवल्यावर घेर सुमारे २.०७ मीटर होतो. २९ इंची चाकात हाच व्यास ६२२ मिलिमीटर आहे, म्हणजे हायब्रिड आणि रोड सायकलींच्या ७०० सी चाकाइतकाच. २.२ इंची टायरसह त्याचा घेर सुमारे २.३ मीटर भरतो. फरक अकरा टक्क्यांचा. दाते तेच ठेवून नुसते चाक मोठे केले, तर सगळेच्या सगळे गिअर अकरा टक्क्यांनी जड होतात. २६ इंची सायकलीवर २२ दात्यांची चेनरिंग आणि ३४ ची चकती एका फेरीत १.३४ मीटर नेत असे. तीच जोडी २९ इंचीवर १.४९ मीटर नेते. पूर्वीइतका हलका गिअर हवा असेल तर पुढे २० दाते लागतील.

मोठे चाक वाईट, असे मला म्हणायचे नाही. खड्डे, दगड आणि झाडांची मुळे यांवरून ते सहज जाते, आणि आपल्या रस्त्यांवर त्याचा आराम प्रत्येकाला जाणवतो. पण चाक वाढवले तर दातेही बदलायला हवेत. स्वस्त श्रेणीत ते सहसा बदललेले नसतात.

२१ गिअरच्या बहुतेक सायकलींत पुढे ४२-३४-२४ दात्यांच्या तीन चेनरिंग आणि मागे १४ ते २८ दात्यांचे सात चकत्यांचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावर आट्यांनी बसणारा चकत्यांचा संच, असतो. त्यातला सर्वांत हलका गिअर २४ भागिले २८. २९ इंची चाकावर तो एका फेरीत १.९७ मीटर नेतो. दहा टक्क्यांच्या चढावर, म्हणजे १०० मीटरला १० मीटर उंची, ७० किलोचा माणूस १५ किलोची सायकल या गिअरमध्ये मिनिटाला ६० फेऱ्यांनी चालवत असेल, तर त्याला सुमारे १९० वॅट शक्ती लागते. नियमित सराव नसलेल्या निरोगी माणसाला १३० वॅटच्या आसपास बराच वेळ टिकवता येतात. तेवढ्याच शक्तीत हा गिअर फिरवायचा तर फेऱ्या मिनिटाला ४० वर येतात. शक्ती तीच आणि फेऱ्या कमी, म्हणजे प्रत्येक फेरीत पेडलवरचा दाब जास्त. मग माणूस सीटवरून उठतो, सगळे वजन पेडलवर टाकतो, मागचे चाक खडीवर घसरते आणि गुडघ्याची वाटी दुखू लागते. दम कमी पडला, वय झाले असे तो म्हणतो. १.३५ मीटरच्या गिअरमध्ये त्याच माणसाने, तेवढ्याच १३० वॅटमध्ये, बसल्या बसल्या साठच्या आसपास फेऱ्या मारल्या असत्या.

मग हलका गिअर किती असावा? २९ इंची सायकलीसाठी, डांबरी घाट आणि अधूनमधून कच्चा चढ असा वापर धरला तर १.५ मीटर किंवा त्याहून कमी, असे माझे ठाम मत आहे. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट लांब असला तरी चढ मवाळ आहे. तिथे १.६ मीटरवर भागते. सिंहगडाच्या रस्त्यावरच्या तीव्र वळणांवर किंवा किल्ल्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या मुरमाच्या वाटेवर भागत नाही. कॅरिअरवर तंबू आणि सामान बांधून फिरणाऱ्यांनी १.३५ पर्यंत उतरावे. त्याहून फार खाली जाण्यात मात्र अर्थ नाही. १.२ मीटरच्या गिअरमध्ये मिनिटाला ५० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ३.६ किलोमीटर येतो. एवढ्या मंद गतीत तोल सांभाळण्यातच ताकद जाते, आणि सायकल हाताने ढकलणारा पुढे निघून जातो.

दुसऱ्या टोकाचा मोह जास्त घातक आहे. ‘मोठी चेनरिंग म्हणजे जास्त स्पीड’ हे वाक्य दुकानात फार चालते. २९ इंची चाकावर ४२ भागिले १४ हा गिअर ६.९ मीटरचा होतो. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी ३७ किलोमीटर. सपाटीवर जाड गुठळ्यांच्या टायरवर हा वेग टिकवणारे फार थोडे, आणि उतारावर पेडल मारायची गरजच नसते. पुढे ३० आणि मागे ११ असा एकच जोड ताशी ३४ किलोमीटरपर्यंत नेतो. रोज कामावर जाणाऱ्याला आणि रविवारी डोंगरात जाणाऱ्याला तो पुरेसा आहे.

२१ या आकड्याबद्दलही सांगितले पाहिजे. ४२ ला २८ आणि २४ ला १६ या दोन्ही जोड्यांचे उत्तर अगदी सारखे, दीड. ४२ ला २४, ३४ ला २० आणि २४ ला १४ या तीन जोड्या जवळजवळ एकच. अशी पुनरावृत्ती वगळली की खरे वेगळे गिअर चौदा-पंधराच उरतात. त्यातही सर्वांत मोठी चेनरिंग आणि सर्वांत मोठी चकती ही जोडी चेन तिरकी ओढते, म्हणून ती वापरायचीच नसते. सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या किती पट, हा खरा विस्तार. या सायकलीत तो साडेतीन पट आहे. पुढे एकच ३० दात्यांची चेनरिंग आणि मागे ११ ते ४६ ची दहा चकत्यांची कॅसेट (चकत्यांचा दुसऱ्या पद्धतीचा संच) असेल तर विस्तार ४.१८ पट होतो, आणि सर्वांत हलका गिअर दीड मीटरवर येतो. म्हणजे इथे १० गिअरची सायकल २१ गिअरच्या सायकलीपेक्षा जास्त काम करते. पुढचा डिरेल्युअर (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) नसल्याने पावसाळ्यात लाल माती अडकायला एक जागाही कमी होते.

ज्यांनी २१ गिअरची सायकल आधीच घेतली आहे त्यांनी ती विकायची गरज नाही. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे १४ ते ३४ चे फ्रीव्हील. शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) तोच चालतो, कारण चकत्या सातच राहतात. हलका गिअर १.९७ वरून १.६२ मीटरवर येतो, म्हणजे १८ टक्क्यांची सूट. मात्र यात चकत्यांचे दाते १४, १६, १८, २०, २२, २४ आणि मग एकदम ३४ असे असतात. शेवटच्या चकतीवर टाकताच पाय रिकामे फिरल्यासारखे वाटतात. फ्रीव्हील बिघडलेले नसते, उडीच तेवढी मोठी आहे. चढ सुरू होण्याआधी नव्हे, तर २४ वर जड जाऊ लागल्यावर, पेडलवरचा जोर क्षणभर हलका करून हा गिअर टाकावा. पूर्ण जोर देत टाकला तर चेन दोन चकत्यांच्या मध्ये अडकते किंवा आऱ्यांकडे पडते.

ही अदलाबदल करताना तीन गोष्टी राहून जातात. पहिली, डिरेल्युअर. काही डिरेल्युअर २८ दात्यांपर्यंतच चालतात. ३४ ची चकती बसवली की त्यांची वरची पुली चकतीला घासते. मागच्या बाजूचा छोटा स्क्रू आवळून पुली आणि मोठी चकती यांत पाच-सहा मिलिमीटर अंतर मिळत नसेल, तर डिरेल्युअर बदलावा लागतो. दुसरी, त्याची चेन गोळा करण्याची क्षमता. पुढचा फरक ४२ वजा २४, म्हणजे १८. मागचा फरक ३४ वजा १४, म्हणजे २०. बेरीज ३८ दाते. लांब पिंजऱ्याचा (पुल्या धरणाऱ्या चौकटीचा) डिरेल्युअर एवढी ढिली चेन ओढून धरतो, आखूड पिंजऱ्याचा धरत नाही. तिसरी आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे जुनी चेन तशीच ठेवणे. मोठ्या चेनरिंगवरून आणि मोठ्या चकतीवरून चेन गुंडाळावी, डिरेल्युअरमधून ओवू नये. टोके जिथे जुळतात त्याहून एक इंच, म्हणजे दोन कड्या, जास्त ठेवून तोडावी. चेन आखूड राहिली आणि कोणी चुकून मोठ्यावर मोठा टाकला, तर डिरेल्युअर पुढे ओढला जातो, त्याला फ्रेमशी जोडणारा कान वाकतो, कधी आऱ्यांत शिरून चाकही जाते.

१.६२ पुरेसे वाटले नाही तर पुढचा क्रँक (पेडलचे दांडे आणि चेनरिंग यांचा संच) ४२-३२-२२ चा घ्यावा. २२ ला ३४, म्हणजे १.४९ मीटर. स्वस्त क्रँकच्या चेनरिंग रिव्हेट मारून जोडलेल्या असतात, त्यामुळे एकटी २४ ची काढून २२ ची बसवता येत नाही. अख्खा क्रँक बदलावा लागतो. तेव्हा बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक ज्यावर फिरतो त्या फ्रेममधल्या बेअरिंगच्या) दांड्याची लांबी नव्या क्रँकला जुळते का ते पाहावे, नाहीतर लहान चेनरिंग फ्रेमला घासते. चेन गोळा करण्याची बेरीजही आता ४० दात्यांवर जाते.

कॅसेटवर जायचे ठरवले तर खर्च वाढतो, पण माझ्या मते जड अंगाच्या सायकलस्वाराने तो करावा. फ्रीव्हील हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसते आणि उजवीकडचे बेअरिंग फ्रेमपासून बरेच आत राहते, म्हणून ॲक्सल वाकते. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग बाहेरच्या बाजूला असते. फ्रेमच्या मागे ॲक्सल बसते त्या दोन कानांतील आतले अंतर १३५ मिलिमीटर असेल तर साध्या कॅसेट हबचे चाक बसते. शिमानोच्या दहा चकत्यांच्या माउंटन बाइक डिरेल्युअरची केबल ओढण्याची मापे सात-आठ-नऊपेक्षा वेगळी आहेत. म्हणून शिफ्टर, डिरेल्युअर, कॅसेट आणि चेन एकत्रच घ्यावी. पुढे एकच चेनरिंग ठेवताना ती एकाआड एक जाड-बारीक दात्यांची असावी, नाहीतर खडबडीत उतारावर चेन उडते. क्रँक चार बोल्टांचा आणि त्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १०४ मिलिमीटर असेल तर त्यावर ३२ पेक्षा लहान चेनरिंग सहसा बसत नाही. ३० ची खास बनावटीची मिळते. ३२ ला ४२ ही जोडी २९ इंचीवर १.७५ मीटर येते. ‘नवीन पद्धतीची सिंगल चेनरिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकली इथेच फसवतात.

दात्यांचे गणित नको असेल तर दुकानातच एक चाचणी करता येते. सायकल सर्वांत हलक्या गिअरवर टाकून घ्यावी. एक पेडल अगदी खाली आणून पुढच्या चाकाखाली जमिनीवर खूण करावी. मग सायकल हळूहळू मागे ढकलावी. मागे जाताना फ्रीव्हील मोकळे सुटत नाही, त्यामुळे पेडल चाकाबरोबर उलटे फिरते. ते पूर्ण फिरून पुन्हा खाली आले की दुसरी खूण करावी आणि मधले अंतर टेपने मोजावे. एकाच चेनरिंगच्या सायकलीत उलटे फिरताना मोठ्या चकतीवरून चेन घसरू शकते, म्हणून घाई करू नये. दीड मीटरच्या आत आले तर सायकल डोंगराची. १.९० च्या पुढे गेले तर ती सपाटीची सायकल आहे, मग तिच्यावर काहीही रंगवलेले असो.

आपल्या वृत्तपत्राला आणि विक्रेत्यांना विनंती आहे की, सायकलीची माहिती छापताना ‘२१ गिअर’ऐवजी पुढचे दाते, मागचे दाते आणि टायरचे माप द्यावे. टायर यासाठी की त्याच २९ इंची धावेवर १.९५ ऐवजी २.६ इंची टायर चढवला तरी घेर चार-पाच टक्क्यांनी वाढतो. ‘पुढे ४२-३४-२४, मागे १४-२८, टायर २९ बाय २.२, हलका गिअर १.९७ मीटर’ अशी एक ओळ जाहिरातीच्या तळाशी सहज मावते.

आपला,
एक सायकल दुरुस्ती व्यावसायिक, सातारा