पहिले धनुष्य वाढत्या अंगाचे नको

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळी शिबिरांत धनुर्विद्येची तोंडओळख झालेली ठाणे आणि नवी मुंबईतली मुले जूनमध्ये शाळा सुरू झाली की घरी स्वतःच्या धनुष्याचा हट्ट धरतात, आणि हौशी पालक तो पुरवतातही. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या सतराव्या वर्षी आणि नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याच्या, प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके पटकावल्यापासून ही हौस वाढली आहे, आणि त्याचा आनंदच आहे. चिंता आहे ती खरेदीच्या घाईची. शाळेत अनेक वर्षे हा खेळ शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी पहिले धनुष्य विकत घेण्याची गरजच सहसा नसते. ते वर्षभर उसने मिळावे आणि तशी सोय आपल्या शहरांत व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पालकांची सर्वांत मोठी चूक धनुष्याच्या भाराबाबत होते. गणवेशाचा शर्ट जसा वाढत्या अंगाचा घ्यायचा, तसेच धनुष्यही जरा भारी घेऊन ठेवू, म्हणजे दोन-तीन वर्षे बघायला नको, असा हिशेब केला जातो. सैल शर्टाने मुलाचे काही बिघडत नाही; भारी धनुष्याने मात्र बिघडते. हा भार, म्हणजे धनुष्य खेचायला लागणारा जोर, पाउंडांत मोजतात आणि मैदानावर सगळे त्याला पाउंडेजच म्हणतात. नवख्या किशोरवयीन मुलासाठी साधारणतः १४ ते २० पाउंड पुरेसे होतात. अंगाने मजबूत, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला फार तर २२ ते २४ पाउंड द्यावेत. ऑनलाइन दुकानांत मात्र ‘युथ’ असे लिहिलेले ३५-४० पाउंडांचे धनुष्य सहज मिळते. २० पाउंड म्हणजे सुमारे ९ किलो. एका संध्याकाळी मुलाने शंभर बाण मारले तर त्याचे खांदे आणि पाठ मिळून ९०० किलोंचा जोर लावतात. तेच धनुष्य ३६ पाउंडांचे असेल तर हा आकडा १६०० किलोंच्या पुढे जातो, आणि तोही अशा वयात, जेव्हा हाडांची वाढ व्हायची असते आणि वाढीच्या जागी असलेला कूर्चेचा भाग अतिताणाने दुखावू शकतो.

भार जास्त आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही. मूल कमरेतून मागे झुकते, धनुष्य धरलेल्या हाताचा खांदा कानाकडे चढतो, दोरी हनुवटीपर्यंत आणण्याऐवजी मानच दोरीकडे पुढे येते, आणि नेम धरण्याआधीच बाण सुटतो. यातली शेवटची सवय एकदा जडली की पुढे हलके धनुष्य देऊनही ती सोडवायला प्रशिक्षकाचे महिने जातात. माझी चाचणी साधी आहे: मुलाने पूर्ण खेच घेऊन, न थरथरता, सावकाश दहापर्यंत आकडे मोजावेत आणि बाण न सोडता दोरी हळूच परत आणावी. असे लागोपाठ काही वेळा जमले तर भार ठीक आहे. भार वाढवायचा तोही दोन-दोन पाउंडांनीच. ऑलिंपिकच्या ७० मीटर अंतरावर खेळणारे वरिष्ठ पुरुष तिरंदाज ४५ ते ५० पाउंड खेचतात खरे, पण तिथे पोहोचायला त्यांना वर्षे लागलेली असतात.

येथे एक बारकावा आहे, जो विक्रेता क्वचितच सांगतो. धनुष्यावर छापलेले पाउंडेज हे २८ इंच खेचेला, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावर, मोजलेले असते. मुलाची खेच २५ इंच असेल तर प्रत्येक इंचामागे साधारण दीड ते दोन पाउंड कमी धरावेत. म्हणजे २० पाउंडांचे धनुष्य त्याच्या हातात १५ पाउंडांच्या आसपासच भरते. खेच मोजण्याचा ठोकताळा असा, की दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्याला अडीचने भागावे. ६० इंच भरले तर खेच २४ इंच. त्या खेचेला ६२ ते ६४ इंचांचे, २५-२६ इंच खेचेला ६६ इंचांचे, तर २७-२८ इंच खेचेला ६८ इंचांचे धनुष्य शोभते. आता तेरा ते सोळा या वयात हात किती लांबतात हे प्रत्येक आईला मुलाच्या बाह्यांवरून ठाऊक असते. आज नीट मोजून घेतलेले धनुष्यही वर्षाअखेर आखूड आणि वाढलेल्या ताकदीला हलके होणार, हे गृहीतच धरायला हवे.

म्हणूनच घ्यायचे तर ज्याचे भाग सुटे होतात असे रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले बिनचाकी, धनुष्य घ्यावे. मधला दांडा, म्हणजे रायझर, तोच राहतो आणि वरखालची दोन पाती, म्हणजे लिम्ब, तेवढी बदलता येतात. २३ इंची रायझरला आखूड लिम्ब लावली तर ६४ इंच आणि मध्यम लावली तर ६६ इंच लांबी होते. शिवाय सुटे केलेले धनुष्य पाठीवरच्या पिशवीत मावते, आणि ठाणे-वाशी लोकलच्या संध्याकाळच्या गर्दीत ही सोय अगदीच मामुली नाही. कंपाउंडचा आग्रह धरणाऱ्या पालकांचीही बाजू आहे: २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेश झाला आहे. पण कंपाउंडच्या चाकांमुळे खेचेची लांबी धनुष्यातच ठरलेली असते. मूल वाढले की ती पुन्हा जुळवावी लागते आणि दोरी बदलायलाही खास साधन लागते. पूर्ण खेचेला त्याचा भार बराच उतरतो, त्यामुळे ते सोपे वाटते आणि पाठीच्या स्नायूंचे काम शिकण्याआधीच गुण मिळू लागतात. वर्षभर रिकर्व्हवर घालवून मग कंपाउंडकडे वळलेल्या मुलाचे काही नुकसान झालेले मी पाहिलेले नाही. आणि बांबूच्या धनुष्याला हिणवण्याचेही कारण नाही. ३० आणि ५० मीटरच्या इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारात ते राष्ट्रीय पातळीवर चालते. फक्त ते घेताना दोन्ही बाजू सारख्या वाकतात का, हे जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावे.

डावे की उजवे हा प्रश्न हातापेक्षा डोळ्याचा अधिक आहे. दोन्ही तळहातांमध्ये छोटी फट ठेवून दूरच्या एखाद्या वस्तूकडे पाहावे आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला ती वस्तू फटीतच दिसत राहते तो प्रबळ डोळा. लिहिता हात उजवा आणि प्रबळ डोळा डावा असेल तर निर्णय प्रशिक्षकाने घ्यावा, दुकानदाराने नव्हे.

बाणांकडे तर कोणी पाहतच नाही. धनुष्यासोबत फुकट आलेले बाण बहुधा जास्त ताठ, म्हणजे कमी लवणारे असतात. हलक्या धनुष्यातून ताठ बाण सोडला की उजव्या हाताने खेचणाऱ्या मुलाचे बाण सतत डावीकडे पडतात, मुलगा आपलीच चूक समजून हात वळवू लागतो आणि चांगली असलेली ढबही बिघडते. नवख्याचा बाण खेचेपेक्षा निदान दोन इंच लांब असावा, कारण आखूड बाण जास्त खेचला गेला तर धनुष्यावरच्या टेकूवरून घसरून हातात घुसू शकतो. दोरी ओढणाऱ्या बोटांना जपणारा टॅब, धनुष्य धरलेल्या हाताला जपणारा आर्मगार्ड आणि दोरी चढवण्याची पट्टी एवढे सामान पहिल्या दिवसापासून हवे. नेम धरायची साइट आणि धनुष्य स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर नंतर पाहता येतील.

स्वतःचे धनुष्य घरी आले की सरावाच्या जागेचा प्रश्न येतो, आणि तो आपल्याकडे फार गंभीर आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या संकुलाच्या गच्चीवर सराव करणे हा अपघाताला दिलेला निमंत्रणाचा विडा आहे. २० पाउंडांच्या धनुष्याचा बाणही शंभर मीटर सहज जातो. रविवारी येऊरला जाऊन झाडावर नेम धरण्याचा विचार तर कोणी मनातही आणू नये. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख असल्याने, परवानगीशिवाय ते आत नेणे हा गुन्हा ठरतो. थोडक्यात, सराव मैदानावरच होणार, प्रशिक्षकासमोरच होणार. मग धनुष्यही तिथेच ठेवलेले का असू नये?

माझी विनंती ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महानगरपालिकांच्या क्रीडा विभागांना आणि ज्या शाळांत हा खेळ चालतो त्यांच्या व्यवस्थापनांना आहे. एका केंद्रावर २३ आणि २५ इंची मिळून सहा-आठ रायझर आणि १४ पासून २४ पाउंडांपर्यंतच्या लिम्बच्या जोड्या एवढा संच असला तर बरीच मुले पाळीपाळीने शिकू शकतात. सर्व सामान एकमेकांत बसणाऱ्या एकाच पद्धतीचे घ्यावे, नाहीतर जोड्या जुळत नाहीत आणि निम्मे कपाटात पडून राहते. ठराविक अनामत घेऊन मुलाच्या नावावर लिम्बची जोडी द्यावी, चार-सहा महिन्यांनी खेच पुन्हा मोजून पुढची जोडी द्यावी. परत आलेली लिम्ब पिळली आहेत का, थर सुटले आहेत का, हे प्रत्येक वेळी तपासून नोंदवहीत लिहावे. बाण न लावता दोरी सोडली की लिम्ब तडकतात आणि मुले ती गंमत एकदा तरी करतातच. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत लाकडी लिम्ब दोरी उतरवून, कोरड्या कपाटात ठेवण्याची जबाबदारी एका माणसावर सोपवलेली असावी. नववी-दहावीच्या पालकांना क्रीडागुणांची घाई असते हे मी समजू शकतो, पण ज्यांना खरेदी करायचीच आहे त्यांनी ती वर्षभर अशा उसन्या धनुष्यावर मुलाची खेच आणि पाउंडेज स्थिरावल्यावर, प्रशिक्षकाला सोबत नेऊन करावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नौपाडा, ठाणे