कलम ५अ कुठे गेले?

मा. संपादक,

कालच्या अर्थविषयक पानावर करदात्यांच्या हक्कांचा लेख वाचला. माहिती चांगली आहे. पण गोव्यातील पती-पत्नींची मिळकत निम्मी-निम्मी वाटणाऱ्या, १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ५अ चा अख्ख्या लेखात एका ओळीचाही उल्लेख नाही! गोव्याच्या वर्तमानपत्रात गोव्याच्याच करदात्याला जागा नसावी, याचा राग आला म्हणून लिहितो.

गोव्यातील पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे झालेल्या सामायिक मालमत्तेच्या विवाहात पगार-पेन्शन सोडून व्याज, भाडे, धंद्याची मिळकत आम्हाला निम्मी पतीची, निम्मी पत्नीची दाखवावी लागते. आयकर कायदाच तसे सांगतो. त्यापायी 'सहज' हा सोपा फॉर्म आम्हाला बंद. चार पैसे ठेवीत असलेल्या पेन्शनरानेही आयटीआर-२ हा मोठा फॉर्म भरायचा.

ठेव माझ्या नावावर, म्हणून बँकेने टीडीएस माझ्याच पॅनवर कापला. निम्मे व्याज पत्नीच्या विवरणपत्रात दाखवले, निम्मा टीडीएस शेड्यूल ५अ या विवरणपत्रातल्या वाटणीच्या तक्त्यातून तिच्याकडे वळवला, सीएकडून तपासून घेतले. तरी तिला कराची मागणी आली, कारण २६एएस या कापलेल्या कराच्या वार्षिक उताऱ्यात तिच्या नावावर टीडीएस दिसत नाही. कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज केला. असा अर्ज सहा महिन्यांत निकाली निघाला पाहिजे. तो तसाच पडून राहिला आणि पुढच्या वर्षीचा तिचा परतावा त्याच मागणीत वळता झाला. कलम २४५ म्हणते, आधी लेखी कळवा. आम्हाला कळले ते पैसे गेल्यावर!

कार्यालयात चौकशी केली तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, रक्कम ल्हान आसा, भरून उडयात." (रक्कम लहान आहे, भरून टाका.) का म्हणून भरू? जो कर कापून सरकारजमा झाला आहे, तो आणखी एकदा भरायचा? थकबाकीवर महिन्याला एक टक्का व्याज लावतात, आमचा परतावा रखडला तर अर्धाच टक्का देतात. आयकर खात्याच्या २०२० च्या करदाता सनदेत करदात्याला प्रामाणिक मानण्याचे वचन आहे. माझ्या पत्नीने आयुष्यात कोणाचा पैसा बुडवला नाही. तिच्या नावापुढे 'थकबाकी' लिहिलेले मला सहन होत नाही.

हक्कांचा विषय निघालाच आहे तर पंचायतीचेही सांगतो. घरपट्टीचे पैसे घेतात आणि 'पावती मागीर व्हरा' (नंतर न्या) म्हणतात. पैसे दिले की पावती तिथल्या तिथे हातात पडली पाहिजे.

३१ जुलैपूर्वी एखाद्या गोमंतकीय सीएकडून शेड्यूल ५अ आणि टीडीएसची वाटणी यावर सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही विनंती. बाहेरचे लेख जसेच्या तसे छापून इथल्या पती-पत्नींचे प्रश्न सुटत नाहीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा