मनूचा निबंध

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

या पत्राची प्रिंट दादा आणून देईल. फोनवर मोठ्यानं विचारावी अशी ही गोष्ट नाही, म्हणून लिहितोय.

मनूच्या कॉलेजच्या अर्जांची धावपळ चालू आहे. बाबा, १९९४ साली आपण दोघं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत उभे होतो, तेव्हा हातात मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला आणि साक्षांकित प्रती होत्या. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या मार्कांची बेरीज झाली की काम झालं. मी कोण, कसा, हे कुणी विचारलं नाही. इथं मार्क बघतातच, पण मुलांना स्वतःबद्दल एक निबंधही लिहावा लागतो, २५० ते ६५० शब्दांचा. ‘कॉमन ॲप’ नावाचा एकच अर्ज बऱ्याच कॉलेजांना चालतो, त्यातच तो असतो. मुलगी विचार कसा करते, हे वाचणाऱ्याला त्यातून कळायला हवं.

मनूनं उन्हाळ्यात तीन निबंध लिहिले आणि टाकून दिले. रोबोटिक्सच्या स्पर्धेवरचा मला फार आवडला होता. ती म्हणाली, “यात माझ्या जागी वर्गातल्या कुणाचंही नाव घाला, चालेल.” खरंच होतं ते.

चौथा तिनं आपल्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर लिहिलाय. बाबा, तुम्हाला ऐकू जाईना तेव्हा तिनं पहिल्यांदा कागदावर ‘जेवलात का’ लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं, तो दिवस आठवतो? स्वतःच्या स्क्रीनवर तिला अक्षरं उलटी दिसत होती. म्हणून तिनं खटपट करून दुसऱ्या कागदावर मुद्दाम उलटी काढली आणि तुमच्याकडे ती उलटीच पोचली. तुम्ही क्षणभरही न थांबता वाचलीत आणि वर म्हणालात, “मात्रा चुकली.” छापखान्यात तीस वर्षं उलट्या अक्षरांचे खिळे जुळवताना तुम्ही उलटंच वाचत आलात, हे तिला त्या दिवशी कळलं. आपण आजोबांना मदत करतोय असं तिला वाटत होतं, आणि शिकत तीच होती. त्यानंतर दर रविवारी तिनं चार ओळी लिहायच्या आणि तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं. तिचं मराठी तिथून सुरू झालं. निबंध एवढाच आहे.

वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. दोन वर्षं मी फक्त आवाज चढवत होतो आणि तुम्ही “बरं, बरं” म्हणालात की फोन ठेवत होतो. कागद घ्यावा हे मला सुचलं नाही.

मला त्यात घालायचं होतं की कंपोझिटरच्या पगारात तुम्ही दोन्ही मुलं शिकवलीत. तिनं नाही म्हटलं. “ते तुमचं आहे, माझं नाही.” हे लिखाण माझंच आहे असं अर्जात तिला लिहून द्यावं लागतं, त्यामुळे मीही हात मागे घेतला. आई, तासभर फोन दोन्ही हातांनी धरून तू बसतेस ते पहिल्या मसुद्यात होतं. तो अकराशे शब्दांचा झाला आणि ते गेलं. तिला फार वाईट वाटलं, तुला सांग म्हणाली.

आता विचारायचं ते. बाबा, त्यात एक वाक्य आहे: ‘आजोबांना आता ऐकू येत नाही, आणि ते कुणालाच सांगत नाहीत.’ शेजाऱ्यांनाही तुम्ही फोनचा आवाज बारीक आहे म्हणूनच सांगता, हे मला माहीत आहे. हे परकी माणसं वाचणार. तुमचं मन नसेल तर मनू ते काढेल, सगळा निबंधच बदलावा लागला तरी. ते तिनं स्वतःहून सांगितलंय. तुम्हाला वाईट वाटून कॉलेज मिळालेलं तिला नको आहे, मलाही नको.

पहिला अर्ज १ नोव्हेंबरपर्यंत पाठवायचा आहे. येत्या रविवारी हो किंवा नाही, एवढंच मोठ्या अक्षरात लिहून कॅमेऱ्यासमोर धरा. मी तेव्हा खोलीत नसेन. तिलाच दाखवा.

तुमचा,
बाळ