थकलेली बिले आणि लघुउद्योगांचे भांडवल

संपादक महोदय,

देशाच्या उत्पन्नात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा वाटा सुमारे 30 टक्के आहे, हे प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी अभिमानाने सांगितले जाते. हेच उद्योग आपल्या तुटपुंज्या भांडवलातून मोठ्या कंपन्यांना महिनोन्महिने बिनव्याजी उधारी पुरवतात, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीचे, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्याचे, उदाहरण घ्या. भंगार आणि पिग आयर्न बहुधा रोखीने घ्यावे लागते, वीजबिल आणि कामगारांचा पगार थांबत नाही, आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला विक्रीवरील जीएसटी पुढील महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावाच लागतो, मग विकलेल्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) पैसे हाती आलेले असोत वा नसोत. मधली तूट कॅश क्रेडिटवर, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या बँककर्जावर, व्याज भरून भागवली जाते. नव्या मशीनसाठी किंवा आणखी दोन मुलांना कामावर घेण्यासाठी लागणारा पैसा असा गिऱ्हाइकाकडे अडकून पडतो.

कायदा नाही, असे नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही लिहिलेले असले तरी, 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पण त्यासाठी तक्रार पुरवठादारानेच करायची असते, आणि ज्या गिऱ्हाइकावर निम्मा कारखाना चालतो त्याला अशा तक्रारी ऐकणाऱ्या फेसिलिटेशन कौन्सिलपुढे खेचण्याची हिंमत कोण करणार? निकाल आपल्या बाजूने लागेलही, पण पुढची ऑर्डर येणार नाही, ही भीती अनाठायी नाही.

2023 च्या वित्त कायद्याने उशिरा दिलेल्या रकमेची प्राप्तिकरातील वजावट गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळेल, अशी तरतूद केली. ती मला मनापासून योग्य वाटते, कारण तिच्यासाठी तक्रारदार लागत नाही. मात्र मे महिन्यातले बिल फेब्रुवारीत चुकते केले तरी आर्थिक वर्ष तेच राहते आणि वजावट शाबूत राहते. त्यामुळे तिचा धाक मार्चअखेरीपुरताच उरतो.

सूक्ष्म व लघु पुरवठादारांची 45 दिवसांपलीकडे थकलेली देणी कंपन्यांना 2019 पासून दर सहामाहीला कंपनी व्यवहार मंत्रालयाला कळवावी लागतात. म्हणजे माहिती सरकारदरबारी येते. ती कंपनीनिहाय, सर्वांना सहज पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी, आणि पुरवठादाराच्या अर्जाची वाट न पाहता त्याच माहितीच्या आधारे शासनाने स्वतःहून व्याजवसुली सुरू करावी. सरकारी उपक्रमांची थकबाकीही या यादीत आलीच पाहिजे. राज्यातील खासदारांनी हा विषय संसदेत लावून धरावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक लघुउद्योजक, कोल्हापूर