फरशी पुलांवर पाण्याच्या खुणेचे खांब हवेत

महोदय,

गेली चौदा वर्षे करवीर तालुक्यातून पहाटे पिकअपमध्ये भाजी भरून मी कोल्हापूरच्या बाजारात नेतो. पंचगंगा चढली, की 'पिकअप उंच आहे, जाईल' म्हणत फरशी पुलावरच्या, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणाऱ्या बुटक्या पुलावरच्या, पाण्यात गाडी घालणारे दिसतात. परतीला हौदा रिकामा असतो, मागचा भाग हलका. वाहते पाणी निम्म्या चाकापर्यंत आले तरी मागची बाजू सरकू लागते.

साचलेल्या पाण्यातून जावेच लागले तर पहिला गिअर, रेस एकसारखी, मध्ये गिअर बदलायचा नाही. बाहेर पडल्यावर ब्रेक हलके दाबत वाळवायचे. गाडी पाण्यातच बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. मी घाबरून मारला होता. इंजिनात पाणी शिरलेले, कनेक्टिंग रॉड वाकला आणि दीड महिना गाडी उभी राहिली.

वाहत्या पाण्यात मात्र जाऊच नये. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली, कळत नाही.

आमच्या वाटेवरच्या पुलावर पाणी किती चढले ते दाखवणारा फुटांच्या खुणेचा खांब दोन वर्षांपूर्वी वाहून गेला. अर्ज दोनदा दिला. यंदाच्या पावसाआधी तो बसवावा, कडेचे खांबही रंगवावेत, ही कळकळीची विनंती.

– एक पिकअपचालक, ता. करवीर